गल्लीत उलटी आलेली गाडी

३ मार्च

प्रिय वहिनी,

फोनवर झालं तेवढं पुरे. यापुढे फोनवर फक्त आईची तब्येत आणि हवापाणी. बाकी सगळं पत्रात लिही. माझी पत्रं तुझ्या लाँड्रीच्या मालकिणीच्या नावानं येतील. तिची हरकत नाही असं तू म्हणालीस, म्हणून पुन्हा विचारत नाही.

दादाला घरासमोरून नेलं त्याला तीन आठवडे होत आले. अटकेचा कागद नाही, कोर्टात उभं केलं नाही, ठाण्यात विचारलं तर ‘आमच्याकडे नाही’. इथल्या एका वकीलबाईंना भेटले. त्या म्हणाल्या, याला नुसतं ‘हरवला’ म्हणत नाहीत. सरकारच्या माणसांनी किंवा सरकारच्या संमतीनं कुणी माणूस उचलायचा आणि मग तो आपल्याकडे नाहीच म्हणायचं, यासाठी एक आंतरराष्ट्रीय करार आहे. सक्तीनं बेपत्ता करण्यापासून माणसाचं संरक्षण, हाच त्याचा विषय. आपल्या देशानं त्यावर सही केली आहे, मंजुरीही दिली आहे. त्या कराराची एक समिती आहे. घरच्यांनी तिला तातडीची विनंती केली तर समिती सरकारला थेट विचारते: माणूस कुठे आहे, शोधा आणि कळवा. सरकारला उत्तर द्यावं लागतं.

विनंती मी लिहिते. त्याआधी तुला ठाण्यात लेखी तक्रार द्यावी लागेल. घेतली नाही तर रजिस्टर पोस्टानं पाठव.

त्या सकाळी काय पाहिलंस ते लिही. किती जण, कसले कपडे, कोणती गाडी, कोण काय बोललं. फक्त पाहिलेलं. वाटलेलं नको. माझ्या कामाची सवय तुला माहीत आहे, दाबमापकाचा काटा तपासून दाखला देताना जे मोजलं तेवढंच लिहायचं. इथेही तसंच करू.

मी ठीक आहे.

तुझी नणंद

*

१४ मार्च

मोजपट्टीबाई,

तुझ्या दादानं तुला हे नाव ठेवलं ते उगीच नाही. पत्र वाचून वाटलं, मी नवरा शोधत नाहीये, मीटर बसवायचा अर्ज देतेय. रागावू नकोस. कुणाशी तरी असं बोलल्याशिवाय माझा दिवस जात नाही, आणि आईंशी बोलायची सोय नाही.

ठाण्यात गेले होते. हवालदार म्हणाला, “बाई, नवरा रुसून गेला असेल.”

म्हटलं, “रुसून जायला त्याला माहेर नाही.”

“चौघं होते म्हणता ना? मग मित्र असतील.”

“मित्र मान दाबून गाडीत कोंबतात का?”

“मस्करीत कोंबतात.”

मागे बसलेला एक जण हसला. मी तक्रारीचा कागद टेबलावर ठेवला, त्यानं तो परत माझ्या पिशवीत घातला. पोस्टानं पाठवला आहे.

आता तुझं पाहिलेलं. सकाळी तो डेपोत जायला निघाला, हातात डबा. मी दारात होते. तिघं साध्या कपड्यांत, चौथा गाडीत. पांढरी बंद गाडी, नंबरावर चिखल. एकानं विचारलं, “युनियनचे चिटणीस तुम्हीच ना?” हा “हो” म्हणाला आणि डबा खाली ठेवला, जणू हात मिळवायचाय. तेवढ्यात त्यांनी त्याची मान धरली. मी धावले, तर एकानं मला भिंतीला दाबलं. ड्रायव्हर खाली उतरलाच नाही. काच खाली, नजर समोर. आपल्या गल्लीचं ते वळण, टाकीचा कट्टा बाहेर आलेला, तुला माहीत आहे. कचऱ्याची गाडी असो की गॅसवाला, तिथे घासल्याशिवाय कुणी जात नाही. ही गाडी उलटी आत आली ती एका दमात, सुईत दोरा ओवावा तशी. आणि तशीच गेली.

पोलीसच होते, दुसरं कोण असणार? चोर टीव्ही नेतात, नवरा नेत नाहीत. संप मिटव म्हणून त्याला दोनदा ठाण्यात बोलावलं होतं, पण तोंडी. डेपोतलं कुणी हे लिहून द्यायला तयार नाही. परवापर्यंत खांद्यावर हात टाकणारे आता रस्ता ओलांडतात.

परवा बारक्या येऊन गेला. आई त्याला म्हणाल्या, “तू पोलिसांच्याच गाड्या हाकतोस ना? विचार की तिथे. का सुनेचा भाऊ नुसता जेवायलाच?” तो म्हणाला, “विचारतो.” खाली मान घालून बसला आणि पाणीही न पिता गेला. आईंच्या बोलण्याचं वाईट वाटलं असेल.

आईंनी खुर्ची दाराशी ओढली आहे. कुणाची चप्पल वाजली की मान वर.

वहिनी

*

२९ एप्रिल

प्रिय वहिनी,

विनंती मार्चमध्येच पाठवली. काल समितीच्या कचेरीतून उत्तर आलं. नकार नाही, पण नोंदही झालेली नाही. ते विचारतात, दादाला नेणारी माणसं सरकारची होती असं आम्ही कशावरून म्हणतो?

आम्ही म्हणतच नव्हतो. मी ‘अज्ञात व्यक्ती’ असं लिहिलं होतं. ‘पोलीसच होते, दुसरं कोण असणार’ हे तुझं वाक्य मी काढलं, कारण तो तर्क होता. तोंडी बोलावल्याचंही लिहिलं नाही, कारण कागद नव्हता. वकीलबाईंनी माझा मसुदा आधी पाहिला असता तर त्यांनी थांबवलं असतं. मी त्यांना दाखवला नाही. मला तो बरोबर वाटला होता. अज्ञात व्यक्तींनी माणूस पळवला तर तो साधा गुन्हा, या कराराच्या बाहेरचा. एका शब्दानं मी दादाला बाहेर ठेवलं. दीड महिना गेला.

आता दुरुस्ती करते आहे. समितीनं विचारलंय: धमकी, बोलावणं, गाडी, ओळखीचा चेहरा, काहीही. म्हणून तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि त्या वळणापाशी थांबले.

तिथून गाडी उलटी, न घासता आणणारी माणसं मला दोनच माहीत आहेत. एक दादा. दुसऱ्याला दादानंच शिकवलं, त्याच गल्लीत, डेपोतलं मेकॅनिकचं काम आटोपल्यावर संध्याकाळी. कट्ट्यावर विटा रचायचा आणि म्हणायचा, एक जरी पडली तरी उद्या पुन्हा. मी खिडकीत अभ्यास करत असायचे. विटा पडल्याचा आवाज मोजायचे.

वहिनी, ड्रायव्हर कोण होता?

तुझी नणंद

*

२७ मे

वन्संबाईंना साष्टांग नमस्कार.

उशीर झाला, कारण तीन पत्रं फाडली. हे फाडणार नाही, जसं उतरेल तसं वाच.

शिकलीसवरलेली माणसं बोलतात छान. तू तिथे थंडगार खोलीत बसून माझ्या माहेरचा काटा तपासतेस होय? गल्लीत गाडी उलटी घालणारे शंभर सापडतील. माझा भाऊ गरीब आहे, नोकरीला बांधलेला आहे, म्हणून तो सगळ्यात आधी दिसला का तुला? ड्रायव्हरचं तोंड मी पाहिलं नाही. काच काळी होती. झालं समाधान? लिही आता.

दुसरी बातमी. दोघं जण घरी आले, गोड बोलणारे. एक कागद होता: माझा नवरा घरगुती वादातून स्वतःच्या मर्जीनं निघून गेला. त्यावर मी सही करायची. नाहीतर दुसरा मार्ग, म्हणाले, कोर्टात जाऊन त्याला मृत ठरवून घ्या, डेपोच्या कँटीनमध्ये तुमची सोय करू. आई दाराशीच होत्या. म्हणाल्या, “मेला म्हणता? मग कुठे पुरलात ते सांगा, लगेच सही करते.” ते उठले. जाताना एकानं आईंची खुर्ची नीट सरकवून ठेवली. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

सही केलेली नाही.

बारक्या बऱ्याच दिवसांत फिरकला नाही. ड्युटी जास्त असेल.

वहिनी

*

८ जून

प्रिय वहिनी,

पहिल्या पत्रात काच खाली होती. या पत्रात काळी आहे. मी त्यावर काही विचारत नाही.

सही केली नाहीस हे बरोबर केलंस. माणूस कुठे आहे, त्याचं काय झालं, हे कळेपर्यंत हा गुन्हा चालूच आहे असं धरतात. मृत ठरवून घेतलं तर त्यांना सांगायला सोपं जाईल की घरच्यांनीच प्रकरण मिटवलं.

तुझ्या सांगण्याशिवाय मी कुणाचंही नाव लिहिणार नाही. हे एकदाच सांगते, पुन्हा विषय काढणार नाही. पण करारात काय आहे ते तुला माहीत असावं. वरिष्ठांचा हुकूम होता म्हणून कुणी सुटत नाही. मात्र या कामात सापडलेला माणूस जर हरवलेल्याला जिवंत परत आणायला मदत करत असेल, किंवा त्याचं काय झालं ते उलगडून सांगत असेल, तर त्याची शिक्षा कमी करण्याची तरतूद आहे. साक्षीदाराला संरक्षण द्यावं असंही म्हटलंय. दोन्ही गोष्टी कागदावर आहेत. आपल्या गावात त्या कागदाबाहेर किती येतील ते मी सांगू शकत नाही. सांगितलं तर ते खोटं होईल.

समितीला नाव झाकून ठेवायची विनंती करता येते. तीही विनंतीच.

माझी खोली थंड नाही. दुपारी पत्रा तापतो. तू तसं लिहिलंस म्हणून कळवलं, एवढंच.

ठरवायचं तू.

तुझी नणंद

*

२ जुलै

मोजपट्टी,

बारक्याच होता.

तू विचारायच्या आधीपासून मला माहीत होतं. त्या सकाळी मी गाडीकडे धावले ती नवऱ्यासाठी, आणि खिडकीत दिसला भाऊ. मी हाक मारली ती त्याला की ह्याला, मलाच आठवत नाही.

रविवारी त्याच्या खोलीवर गेले. मला बघून तो दारातून बाजूलाच झाला नाही. म्हटलं, “आत घे, नाहीतर इथेच ओरडते.” मग घेतलं.

“भाऊजींनाच न्यायचंय हे माहीत होतं?”

“नाही गं ताई. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर पत्ता सांगितला.”

“मग घासायची होतीस गाडी! बंद पाडायची होतीस! कट्ट्यावर घातली असतीस तर चार माणसं गोळा झाली असती.”

“हात आपोआप फिरले,” म्हणाला. “गाडी दाराशी उभी राहिल्यावर मला कळलं की आणली.”

मी त्याच्या स्टोव्हवर चहा टाकला, तो उतू गेला, पुसला. मग त्यानं सांगितलं. तुझ्या दादाला मागे खाली पाडून डोळ्यांवर फडकं बांधलं होतं. गल्लीबाहेर पडल्यावर बारक्याचा पाय क्लचवरून सटकला, गाडीला झटका बसला. मागून हा म्हणाला, “क्लच हळू सोड.” एवढंच. पुढे रस्ताभर एक अक्षर नाही. त्यांनी मारलं, ड्रायव्हर ओळखीचा आहे का विचारलं. हा म्हणाला, “गाडी कुणाचीही असो, मेकॅनिकला आवाज खटकतो.”

“माझं नाव घेतलं नाही, ताई. घेतलं असतं तर बरं झालं असतं.”

शहराबाहेर खात्याचं जुनं गोदाम आहे, तिथे उतरवलं. चालत आत गेला, बारक्यानं पाहिलं. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कामाला तिकडे गाडी नेली तेव्हा बाहेरून कुलूप होतं. त्यापुढचं त्याला माहीत नाही. मी शपथ घातली. माहीत नाही.

तुझं पत्र मी त्याला वाचून दाखवलं, संरक्षणाचं आणि कागदाचं, जसंच्या तसं. म्हटलं, विचार कर. तो म्हणाला, “विचार करत बसलो तर लिहिणार नाही.” त्यानं स्वतःच्या हातानं लिहून दिलंय. सोबत आहे. नाव झाक.

आईंना सांगितलं. एका घरात राहून किती लपवणार? तेव्हापासून माझ्या हातचा चहा घेत नाहीत. स्वतः उठून करतात, साखर सांडतात, मी गेल्यावर पुसतात.

वहिनी

*

२० ऑगस्ट

प्रिय वहिनी,

हे पत्र वाचून झाल्यावर लगेच बारक्याकडे जा. बाकीचं मग वाच.

दादाच्या प्रकरणाची नोंद झाली. समितीनं सरकारला विचारलं, गोदामाची पाहणी करायला सांगितलं. सरकारचं उत्तर आलंय. दादा कोणत्याही कोठडीत नाही आणि कधी नव्हता. घरगुती वादातून निघून गेला असावा. हे अपेक्षित होतं. पुढे त्यांनी बारक्याचं पूर्ण नाव लिहून म्हटलंय की या नावाचा चालक खात्याच्या नोकरीत कधीच नव्हता.

वहिनी, आपण ते नाव दिलं नव्हतं. माझ्या मसुद्यात ‘एक चालक’ एवढंच होतं, ह्या वेळी वकीलबाईंनीही वाचलं होतं. नाव सरकारनं स्वतः लिहिलं. याचा अर्थ त्यांनी शोधून काढलं. मी नाव झाकलं, पण गाडी, गोदाम, त्या दिवसाची पाळी हे सगळं अचूक दिलं, त्यावरून माणूस ओळखणं कुणालाही कठीण नव्हतं. हे मला लिहिताना दिसायला हवं होतं.

वकीलबाई म्हणतात, हे उत्तर सरकारच्याच विरुद्ध जाईल, न विचारलेलं नाव त्यांच्या तोंडून आलंय. त्यांचं बरोबर आहे. मला मात्र त्या वाक्याचं दुसरंच भय वाटतं. जो कधी नव्हताच तो उद्या नसला तर कुणी हिशेब द्यायचा? त्याच्या संरक्षणासाठी मी समितीला कालच लिहिलं. त्याला शहर सोडायला सांग. कुठे जातोय ते मला कळवू नकोस, तूही विचारू नकोस.

फोन करून हे सांगावं की नाही यात माझा अर्धा दिवस गेला. फोन केला तर त्यांनाही कळेल. शेवटी पत्रच लिहिते आहे. चुकत असेन.

तुझी नणंद

*

११ सप्टेंबर

प्रिय मोजपट्टी,

तुझं पत्र आलं त्याआधीच तो गेला होता.

म्हणून स्वतःला बोल लावू नकोस. फोन केला असतास तरी उशीरच झाला असता, दिवस ताडून पाहिले मी. त्याच्या खोलीला नवं कुलूप होतं. घरमालकाला विचारलं तर म्हणाला, “इथे कुणी राहत नव्हतं, खोली रिकामीच होती.” दोरीवर त्याचा टॉवेल वाळत होता. मी तिकडे बोट दाखवलं, तर तो म्हणाला, “माझा आहे,” आणि काढून खांद्यावर टाकला. बोलताना सारखा रस्त्याकडे बघत होता गं. त्यालाही काय बोलणार?

घरी आले. आईंसमोर रडायचं नाही असं ठरवलं होतं. त्यांचा लेक नेणाऱ्यासाठी मी त्यांच्या दारात कशी रडू? मोरीत नळ सोडून बसले. थोड्या वेळानं नळ बंद झाला. आई उभ्या होत्या.

“पाणी वाया जातंय,” म्हणाल्या. मग म्हणाल्या, “त्यालाही नेलं?”

मी मान हलवली.

“फोटो आहे त्याचा?”

एकट्याचा नव्हता. लायसन्स मिळालं त्या दिवशीचा होता, तुझ्या दादाच्या शेजारी उभा, दोघंही मूर्खासारखे हसताहेत. मी कात्री शोधायला लागले. आई म्हणाल्या, “कापतेस कशाला? एकाच फोटोत काम होतंय.” आणि चहा टाकला. दोन कप. पातेल्यात साखर नेहमीसारखी सांडली.

दुसऱ्या दिवशी दोघी ठाण्यात गेलो. फोटो त्यांनी स्वतःकडे घेतला. म्हणाल्या, “तुझे हात मोकळे असू देत, ढकलाढकली झाली तर तुला बघायचंय. मला म्हातारीला कोण ढकलतं?” तोच हवालदार होता, मस्करीवाला. मला बघून पिशवीकडेच हात न्यायला लागला. आई मध्ये बसल्या आणि फोटो टेबलावर ठेवला.

“आजी, यातला तुमचा कोण?”

“दोघं.”

“हा चिटणीस तुमचा मुलगा, ते माहीत आहे. हा दुसरा?”

“हिचा भाऊ. पोलिसांची गाडी चालवायचा.”

“असा कुणी इथे नव्हता, आजी.”

“कसा नव्हता? माझ्या लेकाला गाडीत घालून त्यानंच नेलं.”

आतला साहेब दारापर्यंत आला. हवालदार हळूच म्हणाला, “आणि त्याच्यासाठी तुम्ही तक्रार द्यायला आलात?”

“मग कोण देईल?” आई म्हणाल्या. “कुठे उतरवलं ते त्यानं पाहिलंय. मला तो जिवंत हवाय.”

त्यानं साहेबाकडे पाहिलं. साहेब आत निघून गेला. मग त्यानं कागद पुढे ओढला. आईंनी आधी तुझ्या दादाचं नाव सांगितलं, मग बारक्याचं, दोन्ही पूर्ण, बापाच्या नावासकट. बारक्याच्या बापाचं नाव त्यांना आठवेना. त्यांनी वळून मला विचारलं.

तुझी वहिनी